डिमरची खोली

तंजावूर, १८ जून १९९७

अखिला अक्का,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून तू हे पाकीट न फोडताच ठेवून देशील, असं वाटतं. तरी लिहिते. भांडण उकरून काढायला नाही. अप्पांच्या श्राद्धाला तू पुण्याहून आली होतीस तेव्हा मी जे बोलले, त्यातलं काही मागे घेत नाही. पण ते पुन्हा बोलणारही नाही.

बातमी अशी की आमच्या ट्रस्टच्या हॉलला रंगमंचाच्या लाइटचं नवं यंत्र आलं. परदेशातून, बोटीने मद्रासला आणि तिथून लॉरीने इथे. असली यंत्रं मागवायला पूर्वीसारखी दहा ठिकाणची परवानगी आता लागत नाही म्हणे. सेक्रेटरी रघुपती सरांनी खोक्यावर कापूर ओवाळला, लिंबू कापलं, मग झाकण उघडलं. आत हार्मोनियमहून थोडी मोठी काळी पेटी. तिला कन्सोल म्हणतात. वर सरकणाऱ्या पट्ट्यांच्या दोन रांगा, बटणं, आणि शेजारी ठेवायला छोटा टीव्ही.

आमच्या यांची लाइट करायची पद्धत तू पाहिली आहेस. स्टेजमागे, दिवे मंद-प्रखर करणाऱ्या डिमरच्या खोलीत सोळा लोखंडी दांडे. दोन हातांत दोन धरायचे, तिसरा गुडघ्याने ढकलायचा. चौदा वर्षं हे तेच करत आले. यांनी स्टेजवर पहाट केली की लोक नटाच्या आधी उजेडाला टाळ्या द्यायचे. हे खोटं नाही, अक्का, मी स्वतः ऐकलं आहे. आता ते दांडे निघाले. खोलीत नवी कपाटं बसली, आणि दिवे कमीजास्त करायचा हुकूम प्रेक्षकांच्या मागच्या केबिनमधून, त्या पेटीवरून जाणार.

मी दोन वर्षं ट्रस्टच्या ऑफिसात टायपिंगला आहे. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता तो असा उपयोगी पडला. रघुपती सर म्हणाले, "मद्रासहून इंजिनियर शिकवायला येतील. पुस्तक इंग्रजीत आहे. वासुकी, तूही श्रीकरबरोबर बस." हे उठून डिमरच्या खोलीत गेले.

घरी ठीक आहे. मला उजव्या कानाने थोडं कमी ऐकू येतं. सर्दी असावी.

मराठीत मुद्दाम लिहिते. तू आणि मी अप्पांकडून पंचांगावरून अक्षरं गिरवली. यांच्या घरी सगळे मराठी बोलतात, पण लिहायला तमिळ. पत्र टेबलावर राहिलं तरी कुणाला वाचता यायचं नाही. माझी भाषा पुस्तकी वाटली तर पुण्याच्या शेजारणींना दाखवून हसू नकोस.

वासुकी


तंजावूर, ७ जुलै १९९७

अखिला अक्का,

तुझं उत्तर नाही. असो.

इंजिनियर येऊन गेले. वैद्यनाथ नाव, तिशीतले, मऊ बोलणारे. चार दिवस शिकवायचं ठरलं होतं.

पहिल्या दिवशी पॅच. कुठला दिवा कुठल्या डिमरला आणि कुठला डिमर कुठल्या नंबरला, हे यंत्राला सांगायचं. दुसऱ्या दिवशी क्यू. स्टेजवर जो उजेड हवा तो पट्ट्या सरकवून लावायचा, मग रेकॉर्डचं बटण दाबून त्याला नंबर द्यायचा. एक, दोन, तीन. प्रत्येक नंबरला वेळ सांगायची: हा उजेड पाच सेकंदांत चढू दे, तो बारा सेकंदांत उतरू दे. सगळं यंत्र लक्षात ठेवतं. नाटक सुरू झालं की एकच हिरवं बटण दाबत जायचं.

मी विचारलं, "चौदा आणि पंधरा झाल्यावर मध्ये एक राहिला असं कळलं तर? पुढचे सगळे नंबर बदलायचे का?"

वैद्यनाथ हसले. "साडेचौदा द्या."

मला एवढा आनंद झाला की काय सांगू. मी वही भरून लिहून घेतलं.

त्याच दिवशी दुपारी वैद्यनाथांनी यांना म्हटलं, "सर, तुमची ती पहाट करून दाखवा ना, आपण रेकॉर्ड करू." यांनी पट्ट्या एकदम वर सारल्या. हातांना दांड्यांची सवय, जोर जास्त लागला. मग कुठलं तरी बटण दाबलं आणि सगळं स्टेज काळं झालं. खाली दोरखंड ओढणारी माणसं होती, ती हसली. कुणीतरी तमिळमध्ये म्हणालं, "अण्णांनी पहाटेची अमावास्या केली." हे उठून गेले. तिसऱ्या दिवशी आले नाहीत. मी एकटीच बसले आणि स्क्रीन न बघता वीस क्यू घातले.

चौथ्या दिवशी मी गेले नाही. न्हाणीघरात पाय घसरला, नळावर डोकं आपटलं. पाच टाके पडले. मद्रासला निघण्याआधी वैद्यनाथ घरी निरोप घ्यायला आले. माझ्या कपाळाकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि फोन नंबरचं कार्ड बाहेर तिण्णैच्या ओट्यावर ठेवून गेले. यांनी ते फाडलं. नंबर मी आधीच वहीत लिहिला होता.

वासुकी


तंजावूर, १० ऑगस्ट १९९७

अक्का,

तुझं कार्ड आलं. चार वर्षांनी एक ओळ: "न्हाणीघरात अजून किती वेळा पडणार आहेस?"

तर ऐक. सर्दीने कान गेला नाही. मे महिन्यात त्याने उघड्या पंजाने मारलं, कानातून दोन दिवस पाणी येत होतं. नळावर डोकं मी आपटलं नाही. त्याने वेणी धरून आपटलं. दोनदा. दुसऱ्यांदा आपटण्याआधी तो थांबला आणि म्हणाला, "रेकॉर्ड झालं का?"

बघ, 'हे' लिहिणं सुटलं. लिहिताना सुटतं. तोंडावर अजून नाही सुटत.

श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकघरात मी तुला पाठीवरचे वळ दाखवले होते. तू पदर नीट करून दिलास आणि म्हणालीस, "पुरुषाचा राग आहे, जमवून घे." मी तेव्हा जे ओरडले ते आता शांतपणे लिहिते. लग्न होऊन तू दोन वर्षं त्या घरात राहिली होतीस. तो स्वतःच्या आईवर हात टाकतो हे तू पाहिलं होतंस. तिचं मनगट का वाकडं होतं हे तुला माहीत होतं. भावोजी तुला घेऊन पुण्याला गेले ते त्याच कारणाने. आणि तरी त्याच घरात, त्याच दिराला, माझं स्थळ तू सुचवलंस. बहीण जवळ असावी म्हणून, असं अप्पांना सांगितलंस. तू जवळ राहिलीस कुठे?

बस. यापुढे यंत्राबद्दल लिहिते, त्याने मला बरं वाटतं.

नवरात्रात नऊ संध्याकाळी महिषासुराच्या वधाचं नृत्यनाटक आहे. एकशे बारा क्यू. रघुपती सरांनी ते काम मला दिलं. पहिल्या आठवड्यात साठ क्यू बसवले आणि फ्लॉपीवर उतरवायचे विसरले. दुपारी वीज गेली. वीज परत आली तेव्हा स्क्रीन कोरी. मी तिथेच बसून रडले, मग नाक पुसून पहिल्या क्यूपासून पुन्हा सुरू केलं. तीन दिवसांत साठच्या साठ परत बसले, आणि पहिल्यापेक्षा चांगले. आता दर दहा क्यूनंतर फ्लॉपी.

देवी त्रिशूळ मारते तिथे नृत्याच्या बाईंना एकदम लाल भडका हवा होता. मी म्हटलं, एकदम नको. आधी बाकी सगळं आठ सेकंदांत काढून घेऊ, लोकांना कळणारही नाही, आणि मग लाल. करून दाखवलं. बाई म्हणाल्या, "असंच ठेव."

श्रीकरला आता शिडीवर चढून दिवे फिरवायचं काम आहे. मी केबिनमधून माइकवर सांगते, "सात नंबर थोडा डावीकडे." तो फिरवतो. खालची माणसं त्याला म्हणतात, "अण्णा, मॅडम काय म्हणतात ऐका." तो खाली उतरतो, घरी येतो. पुढचं तुला कळलं असेल.

वासुकी


तंजावूर, १२ सप्टेंबर १९९७

अक्का,

अक्षर वाईट आहे. डाव्या हाताने लिहिते.

तुला अर्धवट लिहिलेलं एक पत्र नवरात्रात मांडायच्या गोलूच्या बाहुल्यांच्या पेटीत ठेवलं होतं. त्याला सापडलं. वाचता येईना. तो बसने तिरुवैयारुला गेला, नामदेव मास्तरांकडे. तुला आठवत असतील, अप्पांचे स्नेही, शाळेतून निवृत्त झालेले. श्लोक शिकवतात, नागरी लिपी त्यांना येते. त्याने सांगितलं, घरातला जुना कागद आहे, वाचून द्या. मास्तरांनी वाचलं. सगळं वाचलं.

दुपारी चारला तो परत आला. मी इडलीचं पीठ वाटायला बसले होते. तो आत जाऊन जुन्या डिमरचा एक दांडा घेऊन आला. हॉलमधून काढले तेव्हा त्याने तो मागून आणला होता. त्याने माझा उजवा हात धरून दगडावर ठेवला, मनगटावर गुडघा दिला आणि दांडा खाली आणला. तीन वेळा. तीन बोटं मोडली, एकाचं हाड बाहेर आलं. पांढऱ्या पिठात रक्त पसरलं. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. तो म्हणाला, "आता चालव." मग हात धुतले, शर्ट बदलला आणि कॉफी मागितली.

शेजारच्या भामाबाईंनी मला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरना मी सांगितलं, दगड पडला. भामाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी माझी पिशवी स्वतः भरली आणि मला त्यांच्याकडे नेलं. त्या एकट्याच राहतात, दाराला जाड अडसर आहे. आता मी तिथे आहे.

चौथ्या दिवशी मास्तर आले. तिण्णैवर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"पहिल्या चार ओळींतच मला कळलं होतं," ते म्हणाले.

"मग थांबला का नाहीत?"

"नवराबायकोतलं आहे, त्यालाही कळू दे तुझ्या मनात काय आहे, म्हणजे सुधारेल, असं वाटलं." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "माझ्यासारख्या म्हाताऱ्याला एवढी अक्कल नसावी, हे लाजिरवाणं आहे. कुठे जबानी द्यायची असेल तर मी येईन."

मी म्हटलं, नको. अक्का, तेव्हा मला नाटकाची काळजी होती. हसू नकोस, खरंच होती.

प्लास्टर घेऊन हॉलमध्ये गेले. रघुपती सर म्हणाले, "आता कसं करणार? मद्रासहून माणूस बोलावू का?"

"सर, क्यू सगळे आत आहेत," मी म्हटलं. "बटण दाबायला एक बोट पुरतं. डाव्या हाताला पाच आहेत."

सरांनी विचारलं नाही, पण त्यांना समजलं. नाटक संपेपर्यंत श्रीकरने हॉलमध्ये यायचं नाही, असं त्यांनी त्याला सांगितलं. चौदा वर्षांत त्याला कुणी दारातून परत पाठवलं नव्हतं. तो फाटकाशी उभा राहून अर्धा तास शिव्या देत होता. मला, सरांना, यंत्राला.

वासुकी


तंजावूर, ८ ऑक्टोबर १९९७

अक्का,

भावोजींना तार मिळाली असेल. त्यांना काळजी वाटू नये म्हणून काय घडलं ते लिहिते.

पहिले पाच प्रयोग फार चांगले झाले. हॉल भरलेला असायचा. काल सहावा होता. दुपारी तीनच्या सुमारास श्रीकर मागच्या बाजूने डिमरच्या खोलीत शिरला. कुलपाची एक किल्ली त्याच्याकडे राहिली होती. कपाटाला येणाऱ्या जाड केबल सोडवत होता, प्रयोग बंद पाडायला. तेवढ्यात वीज चालू झाली. मोठा स्फोट झाला. दोन्ही हात भाजले, चेहऱ्याची एक बाजू भाजली. जीव वाचला. उजवा हात राहील की नाही ते डॉक्टर उद्या सांगतील.

पोलीस येऊन गेले. अपघात म्हणून लिहून घेतलं. शुद्धीवर आल्यावर त्यानेही तेच सांगितलं, की मेन स्विच नीट बंद केला नव्हता, चूक माझीच.

उरलेले प्रयोग ट्यूबलाइटवर होतील.

भावोजींना म्हणावं, लवकर यावं.

वासुकी


तंजावूर, २१ ऑक्टोबर १९९७

अक्का,

हे पत्र एकटी असताना वाच. भावोजी काल इथे पोचले, त्यांच्याशी मी बोलले, पण हे बोलले नाही.

त्या दिवशी जेवून मी हॉलमध्ये लवकर गेले. स्टेजमागच्या बोळात गेले तर डिमरच्या खोलीचं दार उघडं होतं. मेन स्विचची लोखंडी पेटी खोलीबाहेर, बोळातल्या भिंतीवर आहे, बाजूला दांडा. तो खाली होता, म्हणजे बंद. त्याने बंद केला होता. फ्यूज काढून खिशात टाकायला हवे होते, ते काढले नव्हते. दुसऱ्यांना तो नेहमी सांगायचा, आधी फ्यूज काढा.

तो माझ्याकडे पाठ करून कपाटात वाकला होता. उजव्या हातात पाना, डावा हात कपाटाच्या पत्र्यावर. कापलेल्या वायरी जमिनीवर पडल्या होत्या. एकशे बारा क्यू त्या वायरींतून जायचे.

मी म्हटलं, "बाहेर या."

त्याने वळून पाहिलं नाही. "हे संपवतो," म्हणाला. "मग तुझा दुसरा हात."

अक्का, मी पळू शकले असते. अंगणाचं दार तीन पावलांवर उघडं होतं. रघुपती सर ऑफिसात होते, हाक मारली असती तर चार माणसं धावून आली असती. तो कपाटात अडकला होता, वळून उभं राहायला त्याला वेळ लागला असता. हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं. नंतर सुचलेलं नाही. मी डावा हात वर केला आणि दांडा वर ढकलला.

उजेड पांढरा होता, निळसर पांढरा. आवाज छातीत बसला. तो मागे फेकला गेला आणि भिंतीला आपटून खाली पडला. शर्ट पेटला होता. पाना वितळून कपाटाला चिकटला होता. वास अजून माझ्या नाकातून जात नाही, भामाबाई भाजी फोडणीला टाकतात तेव्हा मी बाहेर जाऊन बसते.

याहून वाईट पुढे आहे. वीज थांबली ती फ्यूज उडाले म्हणून. माझा हात दांड्यावरच होता. मी दांडा खाली ओढला नाही. फ्यूज उडाले नसते तर मी तो किती वेळ धरून ठेवला असता, हे मला सांगता येत नाही. रोज स्वतःला विचारते.

मग मी ओरडले. कोपऱ्यातली वाळूची बादली डाव्या हाताने उचलून त्याच्यावर ओतली, शर्ट विझवला. लोक आले तेव्हा मी त्याच्याजवळ बसलेली होते आणि बायका म्हणाल्या, बिचारी.

उजवा हात मनगटापासून काढला. डाव्या हाताची तीन बोटं चालतील. डावा डोळा अर्धा उघडतो.

तुला वाटेल, केलंस ते बरं केलंस. किंवा वाटेल, राक्षसीण आहे. मला दोन्ही वाटतं, कधी कधी एकाच वेळी.

वासुकी


तंजावूर, १२ जानेवारी १९९८

अक्का,

भावोजी श्रीकरला पुण्याला घेऊन गेले त्याला दोन महिने झाले. म्हणजे आता तो तुझ्या घरात आहे, आणि त्याला भात तू भरवतेस. तुझ्या पत्रात तू त्याबद्दल तक्रार केली नाहीस. एवढंच लिहिलंस, "तुझं पत्र मी जाळलं. यांना सांगितलं नाही. दादांसमोर काही बोलू नकोस असं श्रीकरनेही मला सांगितलं. त्याला काय माहीत आहे?"

त्याला सगळं माहीत आहे. इथून निघण्याच्या आदल्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले होते. भावोजी औषधं आणायला खाली गेले होते. मी उभ्यानेच म्हटलं, "स्विच मी टाकला."

तो छताकडे बघत होता. "तुझा आवाज आला," म्हणाला. "मग दांड्याचा आवाज आला. तो आवाज मी चौदा वर्षं ऐकलाय."

"मग पोलिसांना का नाही सांगितलं?"

"काय सांगू? प्लास्टर घातलेल्या बायकोने मला मारलं म्हणून सांगू?" मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू कुणाला बोलू नकोस. मला तेवढं तरी ठेव."

त्याची विनवणी मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली. होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. निघून आले. वाटेत मला कळलं की मी वाचले आहे ती कुणाच्या दयेने नाही आणि त्याच्या तर नाहीच. त्याच्या मिजाशीने वाचले आहे. तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही.

डिमरची नवी कपाटं डिसेंबरात आली. वैद्यनाथ दोन दिवस येऊन बसवून गेले. पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, शाळांच्या शिक्षकांनी बसवलेलं नाटक आहे. मी सरांना म्हटलं, कन्सोल एकट्या माणसाच्या हातात राहू नये, आणखी कुणाला तरी शिकवू दे. ओरत्तनाडुहून कनकलता येते. चाळिशीची आहे, सरकारी कचेरीत कारकून होती, ती नोकरी सोडून इथे आली. हळू शिकते, पण शिकलेलं सोडत नाही. क्यू नंबर तिला पाठ होतात, अगदी साडेचौदासुद्धा.

परवा तिला डिमरच्या खोलीत नेलं. सांगितलं, "इथे हात घालण्याआधी मेन बंद करायचा, फ्यूज काढायचे आणि आपल्या खिशात ठेवायचे. दुसऱ्या कुणाच्या नाही. मग कुणी स्विच टाकला तरी काही होत नाही."

तिने लिहून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या यजमानांच्या वेळी स्विच कुणी टाकला होता?"

तीन महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. पोलिसांनी विचारलं, वीज कशी आली. रघुपती सरांनी विचारलं, कुणाची चूक. भावोजींनी काहीच विचारलं नाही.

"मी," म्हटलं.

"चुकून?"

"नाही."

कनकलताने माझ्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. तिथे फक्त दोन स्टुलं होती, त्यातलं एक तिने माझ्याकडे सरकवलं. मी बसले. ती उभीच राहिली. बाहेर कुणीतरी स्टेज झाडत होतं, त्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मला हे माहीत आहे, हे मी लपवणार नाही. कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"नको बोलू," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, कुणाला कळलं तर मी हॉल सोडून निघून जाईन. तसं झालं नाही. संध्याकाळी मी स्वतःच रघुपती सरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं. ते म्हणाले, फाइल बंद झाली आहे, तू कशाला उघडतेस, ट्रस्टचं नाव आहे, तुझी नोकरी आहे. मी म्हटलं, "सर, त्याने माझा हात मोडला तेव्हा मी डॉक्टरांना खोटं सांगितलं. मी त्याचा मोडला तेव्हा तो खोटं बोलला. आमच्या घरात आता एवढंच उरलं आहे. ते मला नको आहे." सरांनी चष्मा काढून पुसला. शेवटी एका वकिलाचं नाव दिलं. नामदेव मास्तर जबानी द्यायला तयार आहेत, भामाबाईही. वकील म्हणाले, कानाचं, कपाळाचं, बोटांचं सगळं सांगा, त्याने फरक पडेल. पण तुरुंग टळेलच असं सांगता येत नाही.

परवा नाटक आहे. कनकलता पहिल्यांदा एकटी चालवणार. मी केबिनमध्ये बसणार नाही, प्रेक्षकांत बसेन. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यात जाईन.

भावोजींना आता सांग. तुझ्याकडून कळण्याऐवजी पोलिसांकडून कळलं तर त्यांना वाईट वाटेल. श्रीकरलाही सांग. तो चिडेल. चिडून आता काही फेकू शकणार नाही, तरी ताट त्याच्यापासून दूर ठेव. आणि त्याला सांग की त्याने जे मौन मागितलं होतं ते मी दिलं नाही, कारण ते माझं होतं.

तुझ्यावर माझा राग आहे अजून, अक्का. पण त्या घरात तू त्याच्याबरोबर एकटी आहेस हे मला खटकतं. भावोजी कामावर गेले की दार उघडं ठेवत जा.

वासुकी